गुडघ्याने दोनदा सांगितलं

१३ ऑगस्ट २०२२. दुसरा शनिवार होता, बँकेला सुट्टी. म्हणून लेकीला घ्यायला मी स्वतः ग्राउंडवर गेले होते. नाहीतर ते माझ्या डोळ्यांसमोर घडलंच नसतं.

लेक तेव्हा दहावीत होती, पंधरा वर्षांची. पाचवीपासून बास्केटबॉल खेळते. भारताच्या महिला संघाची कर्णधार राहिलेली शिरीन लिमये आमच्या पुण्याचीच, त्यामुळे ग्राउंडवरच्या प्रत्येक मुलीला ती आपल्या घरचीच वाटते. त्या दिवशी मुलींची आपसातलीच मॅच चालू होती. लेकीने पळता पळता पास घेतला, समोरच्या मुलीला हुकवायला एकदम थांबली आणि वळली. पाऊल जमिनीला चिकटून राहिलं, अंग वळलं आणि डावा गुडघा आतल्या बाजूला गेला. ती खाली बसली. तिला कुणी धक्का दिला नव्हता. सगळ्यात जवळची मुलगीसुद्धा दोन हात लांब होती.

"आई, आतून कट् असा आवाज आला," ती म्हणाली. पाच मिनिटांनी उठली आणि लंगडत स्कूटरपर्यंत आली. रडली नाही. मला वाटलं, लचक असेल.

रात्री आठपर्यंत गुडघा टम्म सुजला. त्याच रात्री एक्स-रे काढला. हाड शाबूत होतं. डॉक्टरांनी नी कॅप, बर्फ आणि तीन आठवडे विश्रांती सांगितली. मी घरच्या ग्रुपवर लगेच टाकलं, 'हाड मोडलेलं नाही, देवाची कृपा.' चिठ्ठीवर खाली आणखी एक ओळ होती: दहा दिवसांनी दाखवायला या, गुडघा अस्थिर वाटल्यास एमआरआय. ती ओळ मी वाचली ऑक्टोबरमध्ये. तेव्हा फाइल घेऊन दुसऱ्या डॉक्टरांसमोर बसले होते.

एक्स-रेमध्ये हाड दिसतं, गुडघ्यातले स्नायुबंध दिसत नाहीत. हे मला माहीत नव्हतं. खेळता खेळता आतून आवाज आला आणि दोन-चार तासांत गुडघा भरून आला, तर एक्स-रे कितीही चांगला असो, हाडांच्या डॉक्टरांनी हाताने तपासल्याशिवाय गप्प बसू नका. हे मी आता ओळखीच्या प्रत्येक आईला सांगते. सोसायटीत माझी त्यावरून थट्टाही होते.

मधल्या काळात सासूबाईंच्या आग्रहाने आम्ही हाडवैद्यांकडेही दोनदा गेलो. शीर चढली आहे म्हणाले, चोळून लेप लावला. सूज उतरली. ती तशीही उतरलीच असती. पण त्या वेळी लेपाला श्रेय मिळालं आणि एमआरआयचं नाव घरात कुणी काढलं नाही.

तीन आठवड्यांनी ती व्यवस्थित चालत होती. सप्टेंबरात एकदा जिना उतरताना कठडा धरून थांबली आणि म्हणाली, "आई, गुडघा निसटल्यासारखा होतो गं." मी म्हटलं, "इतके दिवस बसून होतीस ना, सवय मोडली असेल." गुडघा पहिल्यांदा सांगत होता, आणि मी त्याला हे उत्तर दिलं.

आता मी तिचं बोलणं उडवून लावलं त्याचं खरं कारण. शाळेच्या संघाने महापालिका स्तरावरची फायनल मारली होती. पुढे विभागीय सामने, तिथून राज्य. दहावीला खेळाचे सवलतीचे गुण असतात, आणि पुढे सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण असतं. हे गणित तिच्या डोक्यात नव्हतं, माझ्या होतं. तिच्या बास्केटबॉलच्या सरांनी विचारलं, "पळता येतंय ना?" ती हो म्हणाली. ती हो म्हणणारच होती. संमतीच्या कागदावर सही मी केली.

८ ऑक्टोबर. पुन्हा दुसराच शनिवार. दुसऱ्या क्वार्टरमध्ये तिने रिबाउंडला उडी मारली, बॉल दोन्ही हातांत घेतला आणि एका पायावर उतरली. या वेळी मात्र ती ओरडली. तो आवाज अजून कधीकधी रात्री ऐकू येतो.

एमआरआयच्या आधीच नव्या डॉक्टरांना कळलं होतं. त्यांनी तिला झोपवलं, गुडघा थोडा वाकवला, एका हाताने मांडी धरली आणि दुसऱ्याने नडगी पुढे ओढली. आधी उजवा पाय. तो थोडा हलून टक्कन थांबला. मग डावा. तो नुसताच पुढे येत राहिला. मला डॉक्टरीतलं काही कळत नाही, पण ते मलाही दिसलं. एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आतला पुढचा स्नायुबंध, पूर्ण तुटलेला. सोबत मेनिस्कस, म्हणजे दोन हाडांमधली गादी, तीही फाटलेली. स्नायुबंध बहुतेक ऑगस्टमध्येच गेला असेल, डॉक्टर म्हणाले. गादी नंतर गेली, ती वाचली असती. हे सांगताना ते माझ्याकडे न बघता स्क्रीनकडे बघत होते. त्याबद्दल मी त्यांचे मनातल्या मनात आभार मानले.

नवऱ्याचा पहिला प्रश्न होता, "पण कुणी ढकललं?" कुणीच नाही. डॉक्टर म्हणाले, हा स्नायुबंध बहुतेक वेळा कुणाचा धक्का न लागताच तुटतो. एकदम थांबताना, वळताना, उडीवरून उतरताना. आणि बास्केटबॉलसारख्या खेळात मुलांपेक्षा मुलींचा तो दोन ते तीन पटींनी जास्त तुटतो. हे इतक्या वर्षांत आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. सरांनाही माहीत नव्हतं.

हा खेळ कसा जन्माला आला ते मी नंतर वाचलं. १८९१ च्या हिवाळ्यात अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डला जेम्स नेस्मिथ नावाच्या शिक्षकाने वायएमसीएच्या मुलांसाठी तो बनवला. थंडीत आत खेळायचा खेळ, म्हणून धक्काबुक्की नको होती. बॉल घेऊन पळायचं नाही, म्हणजे पळणाऱ्याला कुणी पाडणार नाही. टोपली डोक्याच्या वर टांगली, म्हणजे बॉल जोरात न मारता अलगद टाकावा लागेल. माणूस शहाणा होता. पण बॉल घेऊन पळायचं नाही म्हटल्यावर बॉल मिळाला की थांबावं लागतं आणि जागच्या जागी वळावं लागतं. टोपली वर म्हटल्यावर उड्या माराव्या लागतात. दुसऱ्यापासून वाचवलं, पण स्वतःच्या पायापासून कसं वाचवणार? हे आपलं माझं मत, तज्ज्ञांचं नव्हे.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. मांडीच्या मागच्या बाजूची कंडरा (टेंडन) काढून तिचा नवा स्नायुबंध केला. ऑपरेशनबद्दल लिहिण्यासारखं फार काही नाही, ते डॉक्टरांचं काम होतं आणि त्यांनी ते नीट केलं. पैशांबद्दल एकच सांगते. मेडिक्लेममध्ये ऑपरेशन बसलं. फिजिओथेरपी चालली वर्षभर, पण आमच्या पॉलिसीत डिस्चार्जनंतरच्या साठ दिवसांचाच खर्च मिळत होता, आणि तोही बिलं असतील तर. पहिल्या तीन आठवड्यांची बिलं मी घेतलीच नव्हती. बँकेत वीस वर्षं काढलेली बाई मी. तुमची पॉलिसी ऑपरेशनच्या आधीच वाचून ठेवा.

आमचं काम घरी आल्यावर सुरू झालं. पहिल्या दिवशी सासूबाईंनी प्रेमाने तिच्या गुडघ्याखाली मऊ उशी ठेवली. तिला बरं वाटलं. चार दिवसांनी फिजिओथेरपिस्ट मॅडमनी बघितलं आणि आधी ती उशी काढून कॉटखाली टाकली. उशीने पाय वाकलेलाच राहतो, आणि मग तो सरळ होता होता जीव जातो. उशीऐवजी टॉवेलची गुंडाळी टाचेखाली ठेवायची, गुडघा हवेत, म्हणजे पाय आपल्या वजनाने सरळ होत जातो. आमचं सगळं लक्ष पाय वाकतो किती याकडे होतं, कारण जेवायला मांडी घालून बसता येईल का हा घरातला पहिला प्रश्न. मॅडम म्हणाल्या, आधी पूर्ण सरळ, मग वाकवणं.

दुसरा व्यायाम दिसायला त्याहून सोपा. पाय लांब करून मांडी आवळायची आणि गुडघ्याची वाटी वर ओढायची. मांडी ऐकेचना. लेक पायाकडे एकटक बघायची, कपाळावर घाम यायचा आणि मांडी थंड. "हा माझा पाय नाहीये," ती म्हणाली. अकराव्या दिवशी मांडीवर एक बारीकशी लाट उठली. आम्ही दोघी ओरडलो. सासूबाई देवघरातून धावत आल्या.

पण पायापेक्षा अवघड होतं ते तिचं गप्प होणं. संघाच्या ग्रुपमधून ती बाहेर पडली. बूट माळ्यावर टाकायला सांगितले. दहावीचा अभ्यास करायची, पण पुस्तकाचं पान अर्धा अर्धा तास तेच. मी म्हणायचे, "अगं, खेळच आहे तो. पाय महत्त्वाचा." हे वाक्य कुठल्याही आईने बोलू नये. तिच्यासाठी तो नुसता खेळ नव्हता. संध्याकाळचे दोन तास, सात मैत्रिणी आणि स्वतःची ओळख, एवढं सगळं एकदम गेलं होतं.

डिसेंबरात सर घरी आले. मी त्यांच्यावर मनातून रागावलेले होते. स्वतःवरचा अर्धा राग त्यांच्या नावावर टाकलेला होता, असं म्हणा. ते खुर्चीच्या टोकावर बसले. पॅंट गुडघ्यापर्यंत वर घेऊन त्यांनी आपला उजवा गुडघा दाखवला. कॉलेजात असताना गेलेला, कधी दाखवला नाही, क्रेप बँडेज गुंडाळून पुढची सहा वर्षं खेळले. आज त्यांना जिना आडवा होऊन उतरावा लागतो. "आमच्या वेळी असंच असायचं," ते म्हणाले. "मला वाटलं, असंच असतं. चूक झाली ताई." मी चहा आणायला आत गेले आणि तिथे जरा जास्तच वेळ थांबले.

जाताना त्यांनी पिशवीतून स्कोअरशीटचं पुस्तक काढून लेकीपुढे ठेवलं. "रविवारी मॅच आहे. टेबलवर मला माणूस कमी पडतोय."

ती नाही म्हणाली. पण रविवारी गेली, कुबडी घेऊन.

स्कोअरशीट भरणं हे वाटतं तेवढं सोपं नाही. पहिला आणि तिसरा क्वार्टर लाल शाईने, दुसरा आणि चौथा निळ्या किंवा काळ्या. साध्या बास्केटला आकड्यावर तिरकी रेघ, फ्री थ्रोला भरीव ठिपका, तीन गुणांच्या बास्केटला खेळाडूच्या नंबराभोवती गोल. प्रत्येकीचे फाऊल वेगळे, पाच झाले की ती बाहेर. एक चूक झाली तर दोन्ही प्रशिक्षक टेबलावर धावून येतात. महिनाभरात तिच्या शीटवर कुणी वाद घालेनासं झालं. घरी येऊन सांगायची, "आई, आपली चार नंबर कायम डावीकडूनच आत जाते, टेबलवरून ते लगेच दिसतं." ती पुन्हा 'आपली' म्हणू लागली होती.

सोमवार-गुरुवारचा फिजिओचा प्रश्न वेगळाच. माझी बँक, नवऱ्याची चाकणला शिफ्ट. रिक्षात तिला पाय लांब करता येत नव्हता. आमच्या ग्राउंडवर सकाळी साडेसहाला पन्नाशी-साठीचे आठ-दहा काका खेळतात. पळतात कमी, भांडतात जास्त. त्यांतल्या एकांनी गाडी काढली. मी पेट्रोलचे पैसे देऊ केले तर त्यांनी बघितलंच नाही माझ्याकडे.

हे काका मूळचे मुंबईच्या नागपाड्यातले. गल्ल्याच गल्ल्या, दाट वस्ती, पण त्या एवढ्याशा भागाने भारताला कितीतरी बास्केटबॉल खेळाडू दिले. येता-जाता ते तिला तिथल्या गोष्टी सांगत. प्रशिक्षक बच्चू खान, ज्यांचं नाव तिथल्या मैदानाला आहे. भारताचे कर्णधार अब्बास मुंतसिर, ज्यांना १९७० चा अर्जुन पुरस्कार मिळाला. १९८० ला मॉस्को ऑलिंपिकला आपला संघ गेला होता, त्यानंतर आजवर एकदाही नाही, हे सांगताना काका दर वेळी हॉर्न वाजवायचे म्हणे. "नागपाड्यात खेळाडू जायबंदी झाला तरी घरी बसत नाही," ते तिला म्हणाले. "ग्राउंडच्या कठड्यावर येऊन बसतो. कठड्यावरचे लोक खेळणाऱ्यांपेक्षा जास्त शिकवतात." खरं-खोटं तेच जाणोत. पण हे मी तिला सांगितलं असतं तर तिने ऐकलं नसतं.

आणि एक पुस्तक. पुस्तक म्हणजे चित्रांचं, त्यामुळे मी आधी नाक मुरडलं होतं. 'स्लॅम डंक', ताकेहिको इनोउए यांची जपानी मांगा, १९९० ते ९६ मध्ये आलेली. एका शाळेच्या बास्केटबॉल संघाची गोष्ट. मावसभावाने तिला इंग्रजीतले सात-आठ भाग आणून दिले होते. परीक्षेनंतर एप्रिलमध्ये तिने त्यांतला एक माझ्यासमोर धरला. "हा वाच." मी पहिलं पान उघडलं ते शेवटचं निघालं. जपानी पुस्तकं उजवीकडून सुरू होतात.

त्यात मित्सुई नावाचा मुलगा आहे. शाळेतला सर्वोत्तम खेळाडू. गुडघा दुखावतो, दवाखान्यात ठेवतात. बाकीचे पुढे चाललेत हे त्याला सहन होत नाही. बरं व्हायच्या आत परत कोर्टवर उतरतो आणि गुडघा पुन्हा जातो. मग तो खेळाचं नावच टाकतो, केस वाढवतो, गुंडांच्या टोळक्यात शिरतो, आणि दोन वर्षांनी आपल्याच संघाची जिम उद्ध्वस्त करायला येतो. तिथे दारात त्याचे जुने प्रशिक्षक उभे राहतात आणि तो गुडघे टेकून रडतो.

मी पुस्तक मिटलं. लेक बघत होती. "मी तुला दोष देत नाहीये," ती म्हणाली. "'हो' तर मीच म्हणाले होते." ऑक्टोबरनंतर आम्ही त्या सहीबद्दल पहिल्यांदा बोललो ते त्या दिवशी.

जुलै २०२३ मध्ये 'द फर्स्ट स्लॅम डंक' हा सिनेमा इथे लागला. काका, सर, सगळी टीम, मी, अख्खी रांग भरून. आठ महिने झाले होते. लेकीला पूर्ण बरं वाटत होतं आणि घरात रोज वाद चालू होता. पळते, उड्या मारते, मग मॅच का नाही? मॅडमचं एकच उत्तर, नऊ महिन्यांच्या आत नाही, आणि नऊ झाले तरी चाचणी पास झाल्याशिवाय नाही. लवकर परतणाऱ्यांचे गुडघे पुन्हा जाण्याचं प्रमाण खूप असतं. सिनेमात शेवटच्या मॅचला मित्सुईच्या अंगात त्राण उरलेलं नसतं, हात नुसते लोंबकळत असतात. बाहेर पडताना लेक म्हणाली, "गुडघा बरा झाला त्याचा. पण बुडालेली दोन वर्षं पळताना दिसतात." त्यानंतर वाद थांबला. माझ्या बोलण्याने थांबला नव्हता.

ऑगस्टमध्ये चाचणी झाली. एका पायावर लांब उडी, दोन्ही पायांची तुलना. डावा पाय उजव्याच्या किमान ९० टक्के हवा होता. ८४ आला. नापास. ती गाडीत बोलली नाही. घरी येऊन जिन्याच्या पायरीवर एका पायाच्या बैठका सुरू केल्या. ऑक्टोबरात ९३.

तोवर सरांनी ग्राउंडवर एक नवी गोष्ट सुरू केली होती. मॅडमना त्यांनी दोनदा बोलावून घेतलं आणि सगळ्या मुलींसाठी सरावाआधी पंधरा मिनिटं ठेवली, फक्त उडीवरून उतरण्याची. दोन्ही पायांवर, गुडघे वाकवून, गुडघे बोटांच्या रेषेत, आत नाहीत. सर मुलींकडे पाठ करून उभे राहतात आणि ऐकतात. धप्प आवाज आला की मागे न बघता म्हणतात, "पुन्हा. मांजर कसं उतरतं?" सुरुवातीला मुली हसायच्या. हल्ली मी गेले की बाकावर बसून डोळे मिटून ऐकते. बारा मुली उड्या मारतात आणि फक्त बुटांची चरचर येते.

डिसेंबर २०२३ मध्ये दुसऱ्या क्लबशी मैत्रीची मॅच होती. मॅडमनी सहा मिनिटांची परवानगी दिली होती, सरांनी हातात घड्याळ धरलं होतं. ती तिसऱ्या क्वार्टरला उतरली. काका कठड्यावर. मी बघत नव्हते, पर्समधलं काहीतरी शोधत होते. शेजारची म्हणाली, "अहो, बॉल तिच्याकडे आलाय." तरी मी पर्समध्येच. मग बुटांची चरचर आली, धप्प आवाज आला नाही, तेव्हा मान वर केली. बास्केट झाली नव्हती. ती उतरली होती, दोन्ही पायांवर, आणि डिफेन्सला मागे पळत होती.

सहा मिनिटं झाल्यावर सरांनी तिला बाहेर घेतलं. तोंड पडलेलं होतं. टॉवेल गळ्यात टाकून ती बाकाकडे न येता टेबलाच्या मागे जाऊन उभी राहिली. नवीन मुलगी शीट भरत होती. लेकीने वाकून बघितलं आणि तिच्या हातातला पेन थांबवला.

"नऊ नंबरचा हा दुसरा फाऊल आहे, तिसरा नाही. आणि तिसरा क्वार्टर चालू आहे. लाल पेन घे."